शब्दचर्चा: थिन फिल्मच्या ‘प्रिकर्सर’ला मराठीत काय म्हणावं?

दांडियाबाजारकर:
भाचीने कामाला लावलंय. ती इथेच कलाभवनात शिकते. (कागदोपत्री युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी, पण १८९० पासून बडोदेकरांच्या तोंडी जे नाव बसलंय ते बसलंय.) मंडळाच्या दिवाळी हस्तलिखितासाठी तिला मराठीत लिहायचंय, की अर्धवाहकाचे (सेमीकंडक्टरचे) पातळ थर बनवताना जर्मेनियमची संयुगं ‘प्रिकर्सर’ म्हणून कशी वापरतात. पहिल्याच वाक्याला अडली. मी ‘पूर्वगामी’ आणि ‘अग्रदूत’ काढून दिले. तर म्हणते, “मामा, चोपदार महाराजांच्या पुढे ललकारत येतो, पण तो स्वतः महाराज होतो का? माझं संयुग तर स्वतःच मोडतं आणि त्याचाच थर होतो.” गप्प बसलो. सुचवा काहीतरी.

सुलूमावशी:
विरजण म्हणा की! आमच्या शेजारणी मेळवण म्हणतात. चमचाभर पुरतं.

निवृत्त रिफायनरीवाला:
मावशी, शब्द गोड, पण माणूस चुकला. विरजण नुसती सुरुवात करून देतं, दही होतं ते दुधाचं. इथे आपल्याला दुधाचं नाव हवंय.

प्रकार असा आहे. जर्मेनियमचा थर द्यायचा जुना मार्ग म्हणजे जर्मेन वायू, एका जर्मेनियमला चार हायड्रोजन. विषारी, पेट घेणारा, उणे ८८ अंशांना उकळणारा, म्हणजे सिलिंडरात कोंडूनच ठेवायचा. त्यातला एक हायड्रोजन काढून आयसोब्युटिल हा कार्बन-हायड्रोजनचा गट बसवला की आयसोब्युटिलजर्मेन होतं. हा चक्क द्रव, ६६ अंशांच्या आसपास उकळतो. त्यातून हायड्रोजनचे बुडबुडे सोडले की ते त्याची वाफ सोबत घेऊन तापलेल्या तबकडीपर्यंत, म्हणजे ज्या चकतीवर थर द्यायचा तिच्यापर्यंत, जातात. तिथे रेणू तुटतो, तो गट आयसोब्युटिलीन वायू होऊन उडून जातो, जर्मेनियम खाली राहतं. आयसोब्युटिलीन माझ्या ओळखीचं, नोकरीभर त्याच्याच वासात होतो. इतक्या नाजूक कामात ते भेटेल असं वाटलं नव्हतं.

मेघना, रावपुरा:
‘प्रिकर्सर’चं तुम्ही बघा, पण ‘सेंद्रिय जर्मेनियम’ असं कृपा करून लिहू देऊ नका. सेंद्रिय म्हटलं की आता गूळ आणि शेणखतच आठवतं. शिवाय त्याच नावाने तब्येतीसाठी म्हणून जर्मेनियमच्या पुड्या आणि गोळ्या विकल्या जातात. जर्मेनियम डायऑक्साइड पोटात गेल्याने लोकांची मूत्रपिंडं निकामी झाल्याची उदाहरणं आहेत. शाळेच्या पुस्तकांत ‘कार्बनी संयुगे’ रुळलंय, तेच घ्या. जर्मेनियमला कार्बन थेट जोडलेला आहे, एवढंच सांगायचंय ना?

आणि भाचीला ही गोष्ट नक्की सांगा. १८७१ मध्ये मेंडेलीव्हने या न सापडलेल्या मूलद्रव्याला ‘एकासिलिकॉन’ म्हटलं. त्यातला ‘एका’ म्हणजे आपला संस्कृत ‘एक’, सिलिकॉनच्या एक घर पलीकडचं! त्याचं इथिल संयुग १६० अंशांना उकळेल हेही तो सांगून बसला होता. विंक्लर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला १८८६ मध्ये जर्मेनियम सापडलं, पुढच्या वर्षी त्याने ते संयुग बनवलं, ते १६३ ला उकळलं. म्हणजे मूलद्रव्याचा पत्ता नव्हता तेव्हाच त्याच्या कार्बनी संयुगाची पत्रिका तयार होती. शब्दांचा प्रश्न निघालाच आहे म्हणून सांगितलं.

दांडियाबाजारकर:
रात्री आठवलं. आजी एरंडेलाची पणती लावून वर तांब्याची वाटी उपडी ठेवायची. काजळ धरायची! वाटीवर बसतं ते तेलातलंच, पण तेल म्हणून नाही, मोडून. मग प्रिकर्सर म्हणजे हे तेल, नाही का? आणि क्रियापदही आयतंच मिळालं, ‘थर धरणे’. ‘डिपॉझिशन’साठी पुस्तकी ‘निक्षेपण’ वाचलं की मला बँकेतली ठेव आठवते.

निवृत्त रिफायनरीवाला:
झकास. फक्त दोन फरक लिहायला सांगा. पणतीत हवा असते, तेल अर्धवट जळतं. इथे हवा मुळीच नको, नुसत्या उष्णतेने मोडायचं. दुसरं म्हणजे काजळात आपल्याला पाहिजे असतो तो कार्बनच. इथे कार्बन मागे राहिला की थर बिघडला. म्हणूनच आयसोब्युटिल गट अख्खाच्या अख्खा निघून जाणं महत्त्वाचं.

मेघना, रावपुरा:
मथळ्यात ‘तेल’ लिहिलं तर लोक खायचं तेल समजतील. मथळ्यात ‘पूर्वद्रव्य’, आणि पहिल्या परिच्छेदात आजीची वाटी. ‘मूळद्रव्य’ नको, मूलद्रव्याशी घोळ होतो.

दांडियाबाजारकर:
भाचीला पूर्वद्रव्य पटलं. मथळा ठरला, ‘जर्मेनियमचा थर धरताना: कार्बनी पूर्वद्रव्यांची ओळख’.

सुलूमावशी:
म्हणजे माझं विरजण फुकट?

दांडियाबाजारकर:
नाही हो मावशी. ती म्हणाली, जर्मेनियमच्या केसाहून बारीक तारा वाढवताना आधी तबकडीवर सोन्याचे अतिसूक्ष्म कण टाकतात, आणि प्रत्येक कणाखालून एक तार उगवते. त्या कणाला ती विरजण म्हणणार आहे.