वणवा लागला की लावला?

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या वायव्येला वोलेमी नॅशनल पार्क आहे, तिथल्या डोंगरात ऑक्टोबर २०१९ मध्ये वीज पडून गॉस्पर्स माउंटनची आग लागली, ५ लाख हेक्टरच्या वर रान जळालं आणि पार विझली ती फेब्रुवारी २०२० च्या पावसात. हे मुलीला सांगताना मी वणवा म्हटलं तर ती म्हणे, पप्पा वणवा तर माणसं लावतात ना? आमचं गाव चोपड्याकडचं, तिने लहानपणापासून सातपुड्यात तेच पाह्यलंय. मग विजेने लागलेल्या आगीला दावानल म्हणायचं का? जाणकारांनी सांगा.

– – –

भाऊ, दावानलमधे विजेचा काही संबंध नाही. संस्कृतात दाव म्हणजे रान, आणि रानातली आग पण दावच, त्याला अनल जोडला की झालं. समुद्रातला तो वडवानल, पोटातला जठरानल. त्यामुळे माणसाने लावलेला पण दावानलच, फक्त बोलताना कोणी म्हणत नाही, लिहिताना वापरतात.

वणवा हाच आपला रोजचा शब्द, आणि कारण कळतं ते क्रियापदावरून. लागला म्हटलं की कोणाचं नाव येत नाही, लावला म्हटलं की कोणी लावला हा प्रश्न आलाच. आमच्याकडे यावल बाजूला मार्चमधे मोहाखालचा पाला झाडून पेटवतात, जमीन साफ असली म्हणजे पहाटे पडलेली फुलं पटापट वेचता येतात, पण वारं सुटलं की तीच आग घसरत घसरत डोंगर चढते आणि रात्री गच्चीवरून बघितलं तर लाल रेघ सरकताना दिसते. सकाळी जो तो म्हणतो वणवा लागला. लावला कोणी म्हणतच नाही! मला हे फार खटकतं, पाखरांची घरटी जळतात, नवी रोपं जळतात, तिथे तरी लावला म्हणायला पाहिजे.

विजेचं म्हणाल तर अहिराणीत सरळ आहे, इज पडनी अन् रान पेटनं. आपल्याकडे वीज बहुतेक पावसासोबतच येते म्हणून आग धरत नाही. तिकडे कोरडी वीज पडते, म्हणजे ढगातून पाऊस निघतो पण खालच्या तापलेल्या हवेत वाटेतच त्याची वाफ होते आणि जमिनीवर नुसती वीज येते. कधी झाडाच्या खोडात ती धग दिवसेंदिवस धुमसत राहते आणि वारा आला की भडकते. असल्या आगीला वणवा लागला हेच बरोबर, मुलीला तसंच सांगा.