१९३० च्या फोर्डमागे जुना तंबू-ट्रेलर जोडून मिशिगनच्या उत्तरेला जाता येईल का?

प्रश्न : लान्सिंगकर

नमस्कार. मिशिगनमध्ये लान्सिंगजवळ आम्ही बरीच वर्षे राहत आहोत. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी गेल्या वर्षी त्यांची १९३० सालची फोर्ड मॉडेल ए, दोन दारांची ट्यूडर, मला विकली आणि किल्ली हातात देताना एकच अट घातली : हिला गॅरेजमध्ये कोंडून ठेवायचे नाही. यंदा वसंतात एका शेतकऱ्याच्या कोठारात आमच्याच राज्यात लपीर गावी तयार झालेला १९६० च्या दशकातला अपाचे तंबू-ट्रेलर सापडला. झाकण उघडून दोन्ही बाजूंचे पलंग बाहेर ओढले की वर कॅनव्हासचा तंबू उभा राहतो. पट्ट्या, कड्या शाबूत आहेत, पण कापडाला पावसाळ्यातल्या ओल्या गोणपाटासारखा वास येतो.

पत्नी, बारा वर्षांची मुलगी आणि मी असे तिघे ऑगस्टमध्ये चार दिवसांसाठी मिशिगन सरोवराकाठच्या वाळूच्या टेकड्यांना, म्हणजे स्लीपिंग बेअर ड्यून्सला, ग्लेन आर्बरजवळच्या डी. एच. डे कॅम्पग्राउंडवर जाऊ इच्छितो. महिना ऑगस्ट निवडला, कारण गाडीला ऐतिहासिक वाहनाची पाटी आहे आणि एरवी तिच्यावर मेळावे, सहली, मिरवणुका एवढ्यापुरतीच गाडी काढता येते. ऑगस्टमध्ये मात्र ती रोजच्यासारखी चालवायला आमच्या राज्यात मुभा आहे. रिकाम्या ट्रेलरचे वजन काट्यावर ६१० पाउंड भरले. सामानासह ते ८५० पर्यंत जाईल. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत. चाळीस अश्वशक्तीचे इंजिन एवढे ओझे ओढेल का, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

उत्तर : डबलक्लच

इंजिन ओढेल. ३.३ लिटरचे हे चार सिलिंडरचे इंजिन कमी फेऱ्यांवरच जोर देते, त्यामुळे चढावर ते दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू पण न कुरकुरता चढते. आपण विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे : ही गाडी ८५० पाउंड मागे असताना थांबेल का?

मॉडेल ए ला चारही चाकांना ब्रेक आहेत, पण ते पूर्णपणे यांत्रिक आहेत. त्यांत तेल नाही. पेडलचा दाब सळ्या आणि तरफा यांच्यामार्फत चाकांपर्यंत जातो. एका चाकाची सळी एखादा आटा कमीजास्त झाली, तरी गाडी त्या बाजूला ओढ खाते. शिवाय मूळ ड्रम दाबलेल्या पातळ पोलादाचे असतात. लांब उतारावर ते तापून फुगतात, अस्तरापासून (ड्रमवर आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्टीपासून) दूर जातात आणि पेडल खाली खाली जाऊ लागते. हे मी स्वतः अनुभवले आहे. दक्षिण ओहायोच्या टेकड्यांत, मागे सामानाचा लहानसा ट्रेलर असताना, अर्ध्या उतारावर अस्तर जळाल्याचा वास आला आणि पाय जवळजवळ फरशीला टेकला. आदल्याच आठवड्यात एका कारखान्यात ब्रेक जुळवून घेतले होते, आणि डावे पुढचे चाक जास्त घट्ट राहिले होते. गाडी थांबली ती उतार संपल्यावर, आणि त्यानंतर कितीतरी वेळ माझे हात थरथरत होते. त्या हिवाळ्यात चारही ड्रम ओतीव लोखंडाचे बसवले. ते उष्णता सहन करतात आणि आकार सोडत नाहीत. ट्रेलर जोडण्याआधी हे काम करावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

दुसरी गोष्ट गिअरची. हा तीन गिअरचा डबा सिंक्रो नसलेला आहे, म्हणजे गिअरच्या दातांचा वेग आपोआप जुळवणारी सोय त्यात नाही. उतार सुरू झाल्यावर, गाडीने वेग धरल्यावर, दुसरा गिअर पडत नाही. दात किरकिरतात आणि गाडी न्यूट्रलमध्ये धावत राहते. म्हणून उताराच्या माथ्यावरच, वेग मोडून, डबल क्लच मारून (क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडा ॲक्सिलरेटर, पुन्हा क्लच दाबून) दुसरा गिअर टाकावा आणि तळापर्यंत तोच ठेवावा. माझे वडील एस.टी.चे चालक होते. घाट उतरताना ते हेच करीत आणि शेजारी बसलेल्या मला दर वेळी समजावून सांगत : घाट ज्या गिअरने चढलास, त्याच गिअरने उतर. हे शिक्षण मला ओहायोत उपयोगी पडेल असे तेव्हा कोणाला वाटले असते!

ट्रेलर जोडण्याची कडी, म्हणजे हिच, बंपरला अजिबात लावू नका, ती चासीला (गाडीच्या सांगाड्याला) घट्ट बसवलेली असावी. ट्रेलरचा जड भाग आसाच्या किंचित पुढे ठेवा, म्हणजे जोडावर एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार येईल. मागे जास्त वजन गेले की ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. आणि ८५० पाउंड मला जास्त वाटतात. ब्रेक नसलेल्या ट्रेलरला मी ७०० च्या वर जाऊ देणार नाही.

उत्तर : ताडपत्री

कापडाबद्दल सांगतो. कॅनव्हास सुती असेल, तर आधी ताकद पाहा : कोपऱ्यातला भाग दोन्ही हातांनी धरून जोरात ताणा. टरकन फाटला, तर धागा कुजला आहे आणि त्यावर कोणतेही औषध लावण्यात अर्थ नाही. तेच जुने कापड नमुना म्हणून पुढे ठेवून नवे शिवून घ्यावे. धागा टिकला असेल, तर कोरड्या दिवशी दोन दिवस पूर्ण उघडा ठेवा, मऊ ब्रशने बुरशी झटका, सौम्य साबणाने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच मेणाचा जलरोधक लेप द्या.

नवे सुती कापड पहिल्यांदा मुद्दाम भिजवून सुकवावे लागते. धागे फुगतात आणि शिलाईची भोके आपोआप बुजतात. पावसात आतून कापडाला बोट किंवा अंथरूण टेकू देऊ नका. टेकले त्या जागी पाणी झिरपते. मुलीला हे आधीच सांगून ठेवा, कारण झोपेत उशी कडेला सरकतेच. निघताना कापड ओले असेल, तर तसेच मिटून घरी या, पण त्याच संध्याकाळी अंगणात उघडा. दोन-तीन दिवस तसेच राहिले, तर गोणपाटाचा वास पुन्हा हजर.

उत्तर : ग्रँड रॅपिड्सचा वाचक

वजन कमी करण्याचा सोपा मार्ग म्हणजे सरपण घरून न नेणे. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडलेल्या हिरव्या भुंग्याने आपल्याकडची ॲशची झाडे उद्ध्वस्त केली, आणि तो लाकडातून पसरतो. म्हणून तसेही लाकूड तिथेच, उष्णता देऊन निर्जंतुक केलेले, विकत घ्यावे.

ट्रेलरची चाके लहान आहेत, म्हणजे ती गाडीच्या चाकांपेक्षा कितीतरी जास्त फिरतात. बेअरिंग काढून, धुऊन, नवे ग्रीस भरा, आणि दर थांब्यावर हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, हात लावून पाहा. हात ठेववत नसेल, तर पुढे जाऊ नका. टायरच्या बाजूवरच्या शेवटच्या चार अंकांत आठवडा आणि वर्ष असते. नक्षी कितीही चांगली दिसली, तरी जुने टायर बदला. आपली गाडी सहा व्होल्टची आणि ट्रेलरचे दिवे बारा व्होल्टचे असण्याची शक्यता आहे. ट्रेलरसाठी स्वतंत्र बॅटरीचे दिवे घ्या आणि प्रवास उजेडीच करा.

टिन कॅन टूरिस्ट्स ही मंडळी १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पा येथे एकत्र आली, तेव्हा तंबू आणि ट्रेलर घेऊन निघालेल्या लोकांच्या गाड्या बहुधा वीस अश्वशक्तीच्या मॉडेल टी होत्या. १९९८ मध्ये हा संघ पुन्हा सुरू झाला. त्यांच्या मेळाव्यांत आपल्यासारख्या ट्रेलरचे सुटे भाग ठाऊक असलेली माणसे भेटतात. एकदा अवश्य जा.

लान्सिंगकर

सर्वांचे मनापासून आभार. मी इंजिनाचाच विचार करीत होतो, हे आता लक्षात आले. ओतीव लोखंडाचे ड्रम आज मागवले. कापडाची परीक्षा काल संध्याकाळी केली : छताचे कापड टिकले, पण डाव्या पलंगावरचे मुठीत धरताच फाटले, तेवढे नवे शिवून घेईन. भावाची आधुनिक गाडी धोक्याचे दिवे लावून मागून येईल, आणि बर्फाची पेटी, पाणी, शेगडी तिच्यात जाईल. त्यामुळे ट्रेलर ६९० पाउंडांवर येतो. फ्रीवे पूर्णपणे टाळून, ताशी चाळीस मैलांच्या आत राहून, जाताना वाटेत एक मुक्काम करणार आहोत. तूर्तास मी रोज पहाटे, रस्ता मोकळा असताना, घरामागच्या छोट्या टेकडीच्या माथ्यावर दुसरा गिअर टाकण्याचा सराव करतो आहे. आज दहांपैकी सात वेळा आवाज न होता पडला.