ऑक्टोबरच्या वीकेंडला कळसूबाईवर माणसं मोजून सोडायला पाहिजेत का?

सह्यवारा
सरळ मुद्द्यावर येतो. नवरात्र ते दिवाळी मधले जे वीकेंड असतात त्यात कळसूबाईवर माणसं मोजून सोडावीत, आकडा भरला की बारी ह्या पायथ्याच्या गावातनं वर कुणालाच सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पाऊस उघडलेला, हवा धुतल्यासारखी, उतारावर सोनकी फुललेली, १६४६ मीटर म्हणजे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोक आणि मुंबई-पुणे-नाशिक तिन्हीकडून एका रात्रीत गाठता येणारं, मग लोक येणारच, त्यात त्यांची चूक नाही. पण शनिवारी रात्री सुटलेल्या सगळ्या बसेस दोन-अडीचला बारीत येतात, सगळ्यांना सूर्योदय वरूनच बघायचा असतो, आणि पहाटे अख्खी रांग लोखंडी शिड्यांपाशी येऊन तुंबते. अंधार, पाठीवर सॅक, मागून "चला चला पुढे" चा आरडाओरडा, कुणी घाबरून मधेच थांबलं की खालचे सगळे जागच्या जागी लटकलेले. उजाडल्यावर तर उतरणारे आणि चढणारे त्याच शिडीवर समोरासमोर. एखाद्याला खरंच काही झालं तर स्ट्रेचर कुठून काढणार हे कुणीतरी सांगा.
कास पठारावर हे झालंय ना? २०१२ ला जागतिक वारसा यादीत आलं, गर्दी हाताबाहेर गेली, मग दिवसाला ३००० ची मर्यादा आणि ऑनलाइन बुकिंग आलं. तिथे फुलांसाठी चालतं तर इथे माणसांच्या जिवासाठी का नाही?

प्रवराकाठ
दादा, कासशी तुलना नका करू. कास हे पठार आहे, कळसूबाई आमची देवी आहे. नवरात्रात आमच्या भागातली म्हातारी माणसं अनवाणी वर जातात, कुणाचा नवस असतो, कुणी डोक्यावर ओटीचं सामान घेऊन चढतं. शिड्या नव्हत्या तेव्हापासून जातात. त्यांना आता मोबाईलवरून बुकिंग करायला लावणार का? आकडा भरला म्हणून आजीला पायथ्यावरून माघारी पाठवणार?
दुसरं म्हणजे पोटाचं. आमच्याकडं भाताचं एक पीक निघालं की पुढं काय, निम्मी पोरं नारायणगावला, नाशकाला मजुरीला जातात. वाटेवर ताक, लिंबू सरबत, पिठलं-भाकरी विकणाऱ्या बाया डोक्यावर पाण्याचे हंडे घेऊन चढतात तेव्हा तुम्हाला वर थंड सरबत मिळतं. त्यांची कमाई व्हायची ती पावसाळ्यात आणि ह्याच चार वीकेंडला. गर्दीचा त्रास तुम्हाला एक रात्र होतो, गेट बंद केलं तर आमच्या घरात वर्षभर जाणवतं.

शिडीवरचा
मी ट्रेक लीड करतो त्यामुळे मला बाजू घेणारा म्हणाल, म्हणा. आकडा लावला की काय होतं ते सांगतो. ज्यांच्याकडे बुकिंग करायला ऑफिस आणि माणसं आहेत ते सगळे स्लॉट पहिल्याच दिवशी उचलतात आणि उरलेल्यांना चढ्या भावाने विकतात. कसाऱ्यापर्यंत लोकलने येऊन पुढे जीपला लटकून येणारी कॉलेजची पोरं बाहेर राहतात. म्हणजे गर्दी तेवढीच, फक्त पैसेवाल्यांची. आमच्यासारख्या छोट्या ग्रुपवाल्यांचं तर दुकानच बंद.

रानफुलं
कुणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलते. वर शेकडो माणसं रात्रभर चढत असतात आणि वाटेत बाईमाणसाला जायला आडोसा नाही. पायथ्याला कुणाच्या तरी घरी वीस-तीस रुपये देऊन सोय होते, तिथून पुढे काहीच नाही. मुली पाणीच पीत नाहीत, ऑक्टोबरच्या उन्हात तशाच उतरतात आणि मग चक्कर येते ती येतेच. आणि बाकीचे सगळे जिथे जागा दिसेल तिथे, विहिरीच्या वरच्या अंगालासुद्धा. त्याच विहिरीतलं पाणी लोक पितात. माझ्या मते मर्यादा नक्की हवी, पण ती ठरवताना शिडीवर किती मावतात एवढंच बघू नका, त्या डोंगरावर पाणी किती, संडास किती, कचरा खाली कोण आणणार हे बघून ठरवा. हे अभयारण्य आहे, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य, १९८६ पासून. इथे रात्री दोनला स्पीकर लावून चढणं कुठल्या नियमात बसतं?

जुनीवाट
एवढा वाद घालण्यापेक्षा दुसरीकडे जा की. त्याच रांगेत पूर्वेला पट्टा किल्ला आहे, औंढा आहे, तिकडे बितनगड आहे. पट्ट्यावर १६७९ मध्ये जालन्याच्या स्वारीनंतर शिवाजी महाराज येऊन राहिले म्हणून त्याचं नाव विश्रामगड पडलं, एवढा मोठा इतिहास आणि ऑक्टोबरात रविवारीसुद्धा निवांत हिंडता येतं. पण लोकांना "महाराष्ट्राचं एव्हरेस्ट" च्या पाटीबरोबर फोटो पाहिजे. हे एव्हरेस्ट म्हणणं आधी बंद केलं तरी निम्मी गर्दी कमी होईल. आमच्या वेळी ट्रेक म्हणजे नकाशा बघून, गावात विचारून, वाट चुकून जायचं. आता रांगेत उभं राहायचं.

शिडीवरचा
काका आदर आहे पण हे पटत नाही. पहिल्यांदा डोंगर चढणाऱ्याने कळसूबाईलाच यावं. इथे शिड्या आहेत, रेलिंग आहे, वाटेत खायला-प्यायला मिळतं, चुकलं तर विचारायला माणूस आहे. हीच नवखी माणसं तुम्ही बितनगडाच्या कातळातल्या पायऱ्यांवर पाठवलीत तर पुढच्या रविवारी पेपरात बातमी येईल. आणि फोटोसाठी आला म्हणून कुणी कमी प्रतीचा होत नाही. माझ्याबरोबर आलेल्या कितीतरी जणांनी पाटीबरोबर फोटो काढून सुरुवात केली आणि आज ते अलंग-मदन-कुलंगसारखे अवघड किल्ले करतात.

घाटमाथा
सगळ्यांचं वाचलं. माझं म्हणणं असं की आपण आकड्यावर भांडतोय पण खरी गोम वेळेची आहे. दिवसभरात जेवढी माणसं चढतात तेवढीच सकाळी सहा ते संध्याकाळी चारमध्ये पसरली तर शिडीवर एवढी तुंबणार नाहीत. तुंबतात कारण प्रत्येक ट्रेकवाला तेच विकतो, "नाईट ट्रेक विथ सनराईज". पायथ्यापासून साधारण तीन तास, सूर्योदय साडेसहाच्या आसपास, म्हणजे सगळे अडीच-तीनला निघणार आणि सगळे एकाच वेळी शिडीखाली. मग शनिवार-रविवार, फक्त पाऊस संपल्यापासून दिवाळीपर्यंत, रात्रीची चढाई बंद करा. पहाटे पाचनंतर सोडा. शनिवारी रात्री गावात मुक्काम करा, भाकरी खा, झोपा, सकाळी निघा. गावाला जेवणाचे आणि मुक्कामाचे दोन्ही पैसे मिळतात, लीडरचं दुकान चालू राहतं आणि जनावरांनाही रात्र मिळते. नवरात्रात भाविकांना सूट द्यायची, ते गावकऱ्यांनीच ठरवायचं कारण भाविक कोण आणि स्पीकरवाला कोण हे त्यांना लांबूनच कळतं.

प्रवराकाठ
ह्याला माझा होकार आहे. रात्रीचे येतात ते गावात काय घेत नाहीत, बसमधून उतरतात, आरडाओरडा करत घरांमधून जातात, लहान पोरं उठतात, कुत्री रात्रभर भुंकतात, आणि दुपारी उतरले की परत बस. मुक्काम केला तर आमचा फायदाच आहे. फक्त नियम मुंबईत बसून करू नका, ग्रामसभेत करा.

सह्यवारा
वेळेचा मुद्दा चांगला आहे, रात्रीची बंदी आली तर मी पहिला पाठिंबा देईन. पण माझा आकड्याचा आग्रह मी सोडत नाही. पाचला सोडलं तर पाचच्या ठोक्याला सगळे निघणार आणि तीच गर्दी आठला शिडीवर दिसणार, वर ऊन. पायथ्याला पावती फाडतातच, तीच दर अर्ध्या तासाला ठरावीक माणसांपुरती फाडा, बुकिंग नको, ॲप नको, जो आधी आला तो आधी गेला. ह्यात आजीही अडकत नाही आणि लोकलने येणारं पोरगंही नाही.

रानफुलं
आणि त्या पावतीच्या पैशातनं आधी शिड्यांच्या खालच्या टप्प्यावर दोन संडास बांधा, ते साफ ठेवायला गावातल्याच दोघींना पगारावर घ्या. किती पैसे जमले, कुठे गेले ते बारीत फळ्यावर लिहा. हे होणार असेल तर मी दुप्पट पावती भरायला तयार आहे.

जुनीवाट
संडास, पावती, अर्ध्या अर्ध्या तासाच्या बॅचेस. मग तो डोंगर राहिला कुठे? मला हे मान्य नाही आणि होणारही नाही. मी पट्ट्यालाच जाणार, ज्यांना यायचं त्यांनी या.

घाटमाथा
काका, पट्टाही आता रील्समध्ये आलाय. तिथे पाण्याची टाकी आहेत ती आत्ताच जपली नाहीत तर हाच धागा थोड्या वर्षांनी पट्ट्याच्या नावाने निघेल. दिवाळीच्या आधी बारीतल्या ग्रामसभेपुढे हे मांडायला कोण कोण येतंय ते सांगा, अर्जाचा मसुदा मी करतो.