फसलेल्या विनोदी एपिसोडला काय म्हणायचं? पाचकळ, सपक की हास्यास्पद?

मंडळी, एक शब्द हवाय. स्टार ट्रेक नेक्स्ट जनरेशन या अमेरिकन अंतराळ-मालिकेचा दुसऱ्या सीझनमधला 'द आउटरेजस ओकोना' (डिसेंबर १९८८) परत बघितला, विनोदी म्हणून केलेला आणि हसू काही येत नाही. फोंड्यातल्या आमच्या ग्रुपसाठी त्यावर लिहायला बसलोय. एकजण म्हणतो पाचकळ लिही, एक ताई म्हणते हास्यास्पद. मला दोन्ही पटत नाहीत. तुम्ही काय म्हणाल?

---

पाचकळ तर नाहीच. पाचकळपणात माणूस विनोद करत सुटतो, थांबायचं कुठे ते त्याला कळत नाही, म्हणजे तिथे जास्तीचा त्रास असतो. ओकोनात कमी पडलंय. आणि याचंच जास्त वाईट वाटतं, कारण कल्पना किती सुंदर होती बघा, डेटा हा अँड्रॉइड, म्हणजे माणसासारखा दिसणारा यंत्रमानव, त्याला विनोद कळत नाही, म्हणून तो होलोडेकवर (यानातली आभासी माणसं नि जागा उभी करणारी खोली) काँप्युटरकडून एक कॉमेडियन उभा करून घेतो आणि त्याच्याकडून शिकायला बघतो. यानातला बार सांभाळणाऱ्या गायनानच्या कामात व्हूपी गोल्डबर्ग, स्टँडअपवर नाव कमावलेली बाई, आणि तिच्या वाट्याला काय तर 'ड्रॉइड' (अँड्रॉइड) आणि 'नॉइड' (ह्युमनॉइड, म्हणजे माणसासारखी) अशी एक शाब्दिक कोटी, तीही डेटा लगेच फोड करून सांगतो. होलोडेकवरचा कॉमेडियनही हसवत नाही, म्हणजे ज्याच्याकडून शिकायचं तोच कोरा. याला आपल्याकडे शब्द आहे 'सपक'. सोलां (आमसुलं) न घातलेल्या हुमणासारखं (माशाच्या आमटीसारखं), सगळं जिथल्या तिथे आणि चव नाही. मात्र डेटा खोटे दात लावून नकला करतो ना, तेवढ्या तुकड्याला पाचकळ म्हणा, माझी हरकत नाही.

एक सीन मात्र खरंच चांगला आहे. डेटा स्टेजवर काहीही बोलला तरी समोरचे होलोडेकचे प्रेक्षक हसतात, तेव्हा त्याच्या लक्षात येतं की हे बनवलेलेच हसण्यासाठी, आणि तो थांबतो. पेडण्याकडे दशावतारात काळ्या वेशातला संकासूर, हसवणारं पात्र, बघितलाय का कधी, समोरून लोक बोलतात तसा तो ऐनवेळी उत्तर देतो, तिथे फुकट कोण हसत नाही. असं खरं पब्लिक डेटाला मिळालं असतं तर एपिसोड कुठल्या कुठे गेला असता.

हास्यास्पद आणि विनोदी यांची अदलाबदल हल्ली फार दिसते, ती कृपया नको. हास्यास्पद म्हणजे ज्याचं हसं होतं. त्याला 'स्पॉक्स ब्रेन' बघा, २० सप्टेंबर १९६८ चा, साठच्या दशकातल्या मूळ स्टार ट्रेक मालिकेच्या तिसऱ्या सीझनचा पहिलाच. एक बाई येऊन यानावरचा अधिकारी स्पॉक याचा मेंदू काढून नेते आणि मग बिनमेंदूच्या स्पॉकला रिमोटने चालवत सगळे त्याच्यामागे फिरतात, तेही एकदम गंभीर तोंड करून. तो विनोदी नाही, हास्यास्पद आहे. आणि विनोदी म्हणजे 'द ट्रबल विथ ट्रिबल्स', २९ डिसेंबर १९६७, त्याच मालिकेतला, कॅप्टन कर्क धान्याच्या कोठाराचं दार उघडतो आणि ट्रिबल्स नावाच्या केसाळ गोळ्यांसारख्या प्राण्यांचा ढीग अंगावर कोसळतो, वरून आणखी एकेक टपकतच राहतं, आणि तो त्यात रुतून उभा. तोंडातून शब्द नाही तरी आपण हसतो.

---

वरच्या दादांशी सहमत, फक्त 'ओढूनताणून' विसरू नका. सपक हे चवीबद्दल, ओढूनताणून हे करण्याबद्दल, ओकोनाला दोन्ही लागतात. १९८८ साली अमेरिकेत लेखकांचा मार्च ते ऑगस्ट संप होता, त्या सीझनचे २६ ऐवजी २२च एपिसोड झाले, सगळीच घाई. तेव्हा 'टाकाऊ' वगैरे नका लिहू, त्या लोकांवर अन्याय होईल.

---

सपक घेतो, धन्यवाद. 'फुसका' चालेल का?

---

एकट्या जोकला चालेल. जोक फुसका निघाला म्हणतो आपण. अख्ख्या एपिसोडला मला तरी कानाला बरं नाही वाटत.