नळ पाचव्या दिवशी, डास आठव्या दिवशी
(आमच्या देवपूरच्या सोसायटीचा ग्रुप, ऑक्टोबरमधला रविवार. गुड मॉर्निंगची फुलं वगळली आहेत.)

ए-104 ताई, सकाळी 7:12
धाकट्याला परवापासून ताप आहे, 102 च्या खाली येत नाही. डोळ्यांच्या मागे दुखतं म्हणतो, अंग तर हात लावू देत नाही. मागच्या वेळच्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या घरात आहेत. कुणाकडे एक-दोन उरल्या असतील तर कोर्स पूर्ण होईल. आज रविवार आहे ना.

सी-203 जिभाऊ
मनाकडे पाच गोळ्या शेतस. धाडू का?

बी-301 आप्पा
जिभाऊ, थांबा. ताई, त्या चारही गोळ्या त्याला देऊ नका. मी डॉक्टर नाही, पण लॅबमध्ये रक्त तपासण्यातच माझी नोकरी गेली, म्हणून बोलतो. हा ताप व्हायरल असेल, आणि डोळ्यांमागचं दुखणं ऐकून मला डेंग्यूची शंका येते, तर अँटिबायोटिकचा त्यावर काडीचा उपयोग नाही.

ए-402
आप्पा, मी मागच्या महिन्यात घेतली होती. दोन दिवसांत ठणठणीत.

बी-301 आप्पा
कितव्या दिवशी घेतली?

ए-402
चौथ्या.

बी-301 आप्पा
साधा व्हायरल ताप पाच-सात दिवसांत आपला आपणच उतरतो. कोंबड्यालाही वाटतं, आपण आरवलो म्हणून उजाडलं.
आता जरा लांब लिहितो, वाचा. जिवाणू म्हणजे बॅक्टेरिया हा बारीक का होईना, पूर्ण संसार असलेला जीव. त्याला स्वतःची भिंत आहे, आत स्वतःची यंत्रं आहेत. अँटिबायोटिक ती भिंत फोडतं नाहीतर यंत्रं बंद पाडतं. व्हायरसकडे यातलं काहीच नाही. ना घाणा, ना बैल. नुसती एक चिठ्ठी, स्वतःसारखे आणखी कसे बनवायचे ते लिहिलेली, तिच्याभोवती प्रथिनांचं वेष्टन, काहींना वरून चरबीचा पापुद्रा. ती चिठ्ठी घेऊन तो आपल्या पेशीत शिरतो. मग कारखाना आपला, कामगार आपले, वीज आपली आणि माल त्याचा. एकाचे शेकडो होऊन बाहेर पडतात आणि शेजारची पेशी धरतात. गोळीने फोडायचं काय? त्याची भिंतच नाही.

सी-102
*फॉरवर्ड केलेला* साबणाने वीस सेकंद हात धुवा, डेंग्यूला पळवा 🙏

बी-301 आप्पा
हात जरूर धुवा, पण डेंग्यू हाताने पसरत नाही. साबणाने चरबीचा पापुद्रा विरघळतो आणि फ्लू, कोरोनाचे विषाणू निकामी होतात. ज्यांना पापुद्रा नाही, म्हणजे जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस, त्यांच्यावर सॅनिटायझर फारसं चालत नाही, तिथे साबणाने चोळून पाण्याखाली धुवावंच लागतं. प्रत्येकाची वाट वेगळी. 2006 ला आपल्या नवापूरला बर्ड फ्लू आला, देशातला पहिला. तेव्हा लोक पूर्ण शिजवलेलं अंडंसुद्धा खाईनात, शिजल्यावर तो विषाणू मरतो तरी. डेंग्यूची वाट एकच समजा: डास.

ए-104 ताई
आप्पा, मग देऊ काय त्याला? ब्रुफेन आहे घरात.

बी-301 आप्पा
नको! ब्रुफेन नाही, ॲस्पिरिन नाही, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. तापाला पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणे, डॉक्टरांना फोनवर विचारून. पाणी, ओआरएस, भाताची पेज सतत चालू ठेवा. आणि आजच डॉक्टरांना दाखवून एनएस-1 तपासणी करा, रक्तात डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन शोधणारी. सुरुवातीच्या दिवसांत डेंग्यू तिच्यात सापडतो, अँटिबॉडीची तपासणी साधारण पाचव्या दिवसानंतर.

सी-203 जिभाऊ
पपईना पानना रस द्या. प्लेटलेट वाढतीस.

बी-301 आप्पा
जिभाऊ, पपईच्या भरवशावर दवाखाना लांबवू नका, एवढंच म्हणणं. खरी भीती ताप उतरतो तेव्हा असते. घरचे म्हणतात, झालं बरं, आणि नेमक्या त्याच एक-दोन दिवसांत पोट जोरात दुखायला लागतं, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतं, पोर गळून पडतं. यातलं एक जरी दिसलं तरी रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठायचा.
आणखी एक. त्याला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा. ती आपल्यासाठी आहे. त्याला चावलेला डास आठ-बारा दिवसांनी ताप वाटत फिरेल.

सेक्रेटरी
आजच धूर फवारणीला सांगतो.

बी-301 आप्पा
सांगा. पण धुराने फक्त उडणारे डास मरतात, अंडी नाही. हा डास पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा आणि फार लांब न उडणारा. म्हणजे तो आपल्याच आवारात जन्मला. कूलर कुणाकुणाचे अजून भरलेले आहेत?

बी-302
माझ्याकडे बघून बोलताय का?

बी-301 आप्पा
तुमचा तर आहेच, माझाही होता. काल रिकामा केला.

सी-102
आणि ड्रम? आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा म्हणतात. पाचव्या दिवशी नळ येतो, ते पाणी ओतून द्यायचं? सांगणाऱ्यांनी इथे येऊन राहावं चार दिवस!

सी-203 जिभाऊ
बरोबर बोलनी ताई.

बी-301 आप्पा
मलाही तेच वाटायचं. पण घोळ साठवण्यात नाही, वरून भरण्यात आहे. तळाला जुनं पाणी तसंच राहतं आणि आपण त्यात नवं सोडतो. डासाची मादी पाण्याच्या वर, ड्रमच्या आतल्या कडेला अंडी चिकटवते. कोरडी पडली तरी ती महिनोनमहिने टिकतात, पाणी लागलं की फुटतात. आपल्याकडच्या उन्हात अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून नळाच्या आदल्या रात्री एक ड्रम रिकामा करा. ते पाणी झाडांना, संडासाला, फरशीला वापरा, थेंब फुकट जाणार नाही. मग आतली कड नारळाच्या शेंडीने खरवडून घासा. नुसतं उपडं करून भागत नाही. झाकण नसेल तर जुन्या धोतराचं दुहेरी कापड ताणून बांधा. खालच्या हौदात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडू.

सेक्रेटरी
नळ मंगळवारी आहे. सोमवारी रात्री नऊला सगळ्यांनी ड्रम. मी जिन्याने फिरणार आहे.

ए-402
सर, तुमच्या गॅलरीतल्या मनी प्लांटच्या बाटल्याही बघा 😄

ए-104 ताई, संध्याकाळी 6:40
एनएस-1 पॉझिटिव्ह आली. प्लेटलेट 1 लाख 40 हजार. डॉक्टर म्हणाले, आज भरती करायची गरज नाही, रोज रक्त तपासायचं. आप्पा, त्या चार गोळ्या मी बाजूला काढून ठेवल्या आहेत.

बी-301 आप्पा
कुणी मागितल्या तरी देऊ नका. तो लघवीला किती वेळा जातो ते लिहून ठेवा, डॉक्टर विचारतील.

सी-203 जिभाऊ, सोमवारी रात्री 9:35
मना ड्रम चकाचक व्हता, असं मी परवा बायकोले सांगेल व्हतं. आते बॅटरी लावीसन दखं. आप्पा, शेतस. हालतस.