मदत हवी आहे : माफ केलं म्हणजे दावाही मागे घ्यायचा का?

रामकृष्ण हरी. मी रावेर तालुक्यातली. 9 वर्षांपूर्वी मालक गेले आणि तेरावं व्हायच्या आत जेठांनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, माझ्या सह्या घेतल्या. केळीचं दीड एकर गेलं. दोन लेकरं घेऊन माहेरी आले. आता जेठ अर्धांगवायूनं अंथरुणावर आहेत. 'एकदा भेटून जा' असा निरोप आलाय.

मी एकादशीला कोथळीला मुक्ताईच्या दर्शनाला जाते. ताटीच्या अभंगात ती ताटी, म्हणजे झोपडीचं दार, लावून बसलेल्या ज्ञानोबांना सांगते, 'योगी पावन मनाचा, साही अपराध जनाचा'. ऐकलं की गळा दाटून येतो. पण ज्ञानोबांना लोकांनी टाकून बोललं होतं, इथे तर माझ्या लेकरांच्या तोंडचा घास गेला. साहणं आणि माफ करणं एकच का? मुक्ताई ताटी उघडायला सांगते, म्हणजे राग धरून आत कोंडून बसू नको, असं मी समजते. छळणाऱ्याच्या उंबऱ्यावर जा, असं त्यात कुठे आहे?

मला सूड नको. रात्री दोनला जाग येते नि तोच कागद डोळ्यांपुढे येतो, तेवढं थांबावं. जमिनीचा दावा मात्र लेकरांसाठी चालू ठेवायचाय. तो ठेवून केलेली क्षमा खोटी ठरते का? वारकरी मंडळींपैकी कुणी यातून गेलं असेल तर सांगा. रविवारच्या आत निरोपाला उत्तर द्यायचंय.