सिलिल ईनॉल ईथर कॉलमवर तुटतोय, कीटोनच परत मिळतोय

ओला_टीएलसी
नमस्कार. कोल्हापुरात एम.एस्सी. ऑरगॅनिकचा प्रोजेक्ट चालू आहे. २-मिथाइलसायक्लोहेक्झॅनोन, एलडीए (जोरदार बेस), टीएचएफ (सॉल्व्हंट), ड्राय आइस-अ‍ॅसिटोनच्या बाथमध्ये −७८ अंश, मग टीएमएस (ट्रायमिथाइलसिलिल) क्लोराइड. ह्यातून सिलिल ईनॉल ईथर, म्हणजे कीटोनच्या ईनॉल रूपाच्या ऑक्सिजनवर सिलिकॉन बसवलेला पदार्थ, बनवायचाय. क्रूडच्या (शुद्ध न केलेल्या मालाच्या) एनएमआरमध्ये ४.८ पीपीएमच्या आसपास व्हिनाइल प्रोटॉन (दुहेरी बंधावरचा हायड्रोजन) स्वच्छ दिसतोय. पण सिलिकाच्या कॉलममधून काढला की बराचसा कीटोनच हाती येतो. पुढं बेन्झाल्डिहाइड आणि टायटॅनियम टेट्राक्लोराइड घेऊन मुकायामा आल्डॉल (सिलिल ईनॉल ईथर अल्डिहाइडला जोडायची रिअ‍ॅक्शन) करायचाय. बाहेर आषाढाचा पाऊस कोसळतोय, त्या दमटपणाचा हा परिणाम आहे का?

अजून एक शंका, मॅडमना विचारायला धीर होत नाही. एलडीएनं कीटोनचा प्रोटॉन काढला की लिथियम ईनोलेट फ्लास्कमध्ये तयारच असतो. मग त्यावर सरळ अल्डिहाइड का घालू नये? मध्येच सिलिकॉनचा वळसा कशाला?

गोकुळशिरगावकर
पावसाला बोल लावू नकोस, काम सिलिकानं केलंय. सिलिका थोडी आम्लधर्मी असते आणि टीएमएस हा सिलिल गटांमधला सगळ्यात नाजूक. रिअ‍ॅक्शन चांगली झालीय, हे तुझा क्रूडचा एनएमआरच सांगतोय.

माझं ऐकशील तर कॉलम करूच नको. वर्कअपला थंडगार बायकार्बोनेट, हेक्झेननं झटपट एक्स्ट्रॅक्शन, सोडियम सल्फेट, रोटा (सॉल्व्हंट उडवायचं यंत्र), आणि व्हॅक्यूमखाली डिस्टिल कर. कॉलमशिवाय गत्यंतरच नसेल तर हेक्झेनमध्ये एक-दोन टक्के ट्रायएथिलअमाइन घालून सिलिका आधी त्यानं धुऊन घे. क्लोरोफॉर्म-डी (एनएमआरचं सॉल्व्हंट) जुनं असेल तर त्यातल्या आम्लानं एनएमआर ट्यूबमध्येसुद्धा ईथर तुटतो. बेसिक अ‍ॅल्युमिनातून गाळून वापर. टीएमएस क्लोराइडची बाटली उघडून बरेच दिवस झाले असतील तर त्यातही एचसीएल असतोच, तेही डिस्टिल करून घे.

आता दुसरी शंका. मॅडमना खुशाल विचार, प्रश्न चांगलाय. सरळ अल्डिहाइड घालून आल्डॉल होतो, लोक करतातही. पण लिथियम ईनोलेट बाटलीत भरून ठेवता येत नाही. फ्लास्कमध्ये थोडा जरी मोकळा कीटोन उरला, किंवा बाथ जरा तापला, की प्रोटॉनची देवाणघेवाण सुरू होते आणि मिथाइलच्या बाजूचा ईनोलेट डोकं वर काढतो. सिलिकॉन बसला की ती बाजू पक्की झाली. कुठली बाजू मिळाली ते एनएमआरवर बघून मगच पुढं जायचं. हाऊस आणि मंडळींनी १९६९ मध्ये ह्याच कीटोनवर हे मोजून दाखवलं: एलडीएनं जवळपास ९९ टक्के कमी प्रतिस्थापित (मिथाइल नसलेली) बाजू, आणि ट्रायएथिलअमाइन घालून डीएमएफमध्ये तापवलं तर ७८:२२ नं उलटी बाजू. त्या उलट्या ईथरला व्हिनाइल प्रोटॉनच नसतो. म्हणून तुझा ४.८ चा सिग्नल लाखमोलाचा.

दुसरं असं की सिलिल ईनॉल ईथर स्वभावानं थंड असतो. नुसत्या अल्डिहाइडसमोर ठेवला तर ढिम्म हलत नाही. मुकायामांनी १९७३ मध्ये टायटॅनियम टेट्राक्लोराइडनं समोरच्या कार्बोनिललाच चेतवलं आणि मग गाडी सुटली. म्हणजे बेसशिवाय आल्डॉल. ह्याच स्वभावामुळं टर्शरी ब्युटाइल क्लोराइडसुद्धा चालतं. लिथियम ईनोलेटसमोर तेच ठेवलंस तर एलिमिनेशन होऊन हात चोळत बसशील. आणि व्हायव्हात मुकायामाला झिमरमन-ट्रॅक्सलरची खुर्ची (धातूनं बांधलेली सहा अणूंची बंद ट्रान्झिशन स्टेट) काढू नकोस. तिथं धातू दोन्ही टोकं एकत्र धरून ठेवत नाही, ट्रान्झिशन स्टेट उघडी असते. त्यामुळं ईथरच्या ई-झेडवरून (दुहेरी बंधाच्या भूमितीवरून) मालाची सिन-अँटी रचना सरळ सांगता येत नाही.

पावसाची खरी भानगड टायटॅनियमशी आहे. दमट हवेत ते नुसतं धुरळतं आणि सुईच्या टोकाला पांढरा ऑक्साइड साचून सिरिंज चोंदते. डायक्लोरोमिथेनमधलं तयार द्रावण मिळतं, ते घे. आणि टीएचएफ पूर्ण काढून टाक, नाहीतर टायटॅनियम त्यालाच जाऊन चिकटतं.

मिरजेचा_रोटा
एवढा खटाटोप कशाला? टीएमएसऐवजी टीबीएस (टर्शरी-ब्युटाइलडायमिथाइलसिलिल) लावा, कॉलमवर मजेत टिकतो.

गोकुळशिरगावकर
@मिरजेचा_रोटा टिकतो, मान्य. पण टीबीएस क्लोराइड −७८ ला लिथियम ईनोलेटवर आळसावतं, डीएमपीयू वगैरे मदतनीस सॉल्व्हंट घालावं लागतं. त्यात मुकायामाला टीबीएस जरा संथ. पुढच्याच पायरीत जो गट जाणार, त्याला इतका मान कशाला द्यायचा? पोरानं साताठ पायऱ्या पुढं न्यायचं ठरवलं असतं तर मीही टीबीएसच म्हणालो असतो.

ओला_टीएलसी
सर, मनापासून आभार. उद्या कॉलम न करता बघतो. एकच राहिलं: हाच ईथर मिथाइल आयोडाइडबरोबर ठेवला तर अल्किलेशन होईल का? सीनियर म्हणतात होतं.

गोकुळशिरगावकर
नुसता ठेवून नाही होणार. आधी मिथाइल लिथियम घालायचं, ते सिलिकॉनवर हल्ला करतं. टेट्रामिथाइलसिलेन सुटतं, ते सत्तावीस अंशाच्या आसपासच उकळतं, त्रास देत नाही. मागं त्याच बाजूचा लिथियम ईनोलेट राहतो. स्टॉर्क आणि हुडरलिक यांनी १९६८ मध्येच हे दाखवलंय. मग मिथाइल आयोडाइड घाल, २,६-डायमिथाइल मिळेल. फक्त मिथाइल लिथियम मोजून, टायट्रेट करून घाल.